पेट्रोल पंप चालू होते, मग संकट होतं कुठे?

प्रश्न असा आला आहे: युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा तेलाच्या तुटवड्याची खूप भीती घातली गेली, पण आपल्याकडे पंप काही कोरडे पडले नाहीत. उलट रशियाचं तेल सवलतीत मिळालं. मग भूराजकीय धोक्यामुळे देशाची ऊर्जा सुरक्षा अडचणीत येते असं जे सारखं ऐकतो, ते प्रत्यक्षात घडतं तरी कसं?

माझं काम नैसर्गिक वायूच्या खरेदीचं, त्यातही करारांचं. त्यामुळे मी या प्रश्नाकडे पंपाच्या बाजूने न बघता पाइपलाइनच्या बाजूने बघतो. तिथून २०२२ साल अगदी वेगळं दिसतं. धक्का बसला होता आणि जोरात बसला होता. तो खत कारखान्यांना, सीएनजीवर चालणाऱ्या रिक्षावाल्यांना आणि केंद्राच्या अनुदानाच्या रकमेला बसला. पंपावर तो दिसला नाही, कारण कच्चं तेल हा त्यातल्या त्यात लवचीक माल आहे. एकाकडे मिळालं नाही तर दुसऱ्याकडून घेता येतं, टँकर वाटेत वळवता येतो, टाकीत महिनोन्महिने ठेवता येतं. वायूचं तसं नाही. तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात (यालाच एलएनजी म्हणतात) जहाजातून आणावा लागतो, उतरवायला खास टर्मिनल लागतं, आणि टाकीत ठेवला तरी तो थोडा थोडा उडत राहतो. थोडक्यात, वायू आज आला तर आज-उद्याच वापरायचा.

‘गेल’ या सरकारी वायू कंपनीचं उदाहरण जरा खोलात जाऊन सांगतो, कारण भूराजकीय धोका कोणत्या वाटेने आत शिरतो हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

‘गेल’ने २०१२ मध्ये गॅझप्रॉम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीच्या सिंगापूरमधल्या व्यापारी कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. वर्षाला साधारण २५ ते २८ लाख टन एलएनजी, किंमत कच्च्या तेलाशी बांधलेली. २०१८ पासून जहाजं येऊ लागली. आता या सिंगापूरच्या कंपनीची मालकी पाहा. ती लंडनच्या कंपनीची उपकंपनी, लंडनची कंपनी बर्लिनच्या गॅझप्रॉम जर्मेनियाची, आणि जर्मेनिया मॉस्कोची. शांततेच्या काळात या साखळीचा विचार कोणी करत नाही. कंपनी गॅझप्रॉमची, वायू रशियाचा, विषय संपला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं. एप्रिलच्या सुरुवातीला गॅझप्रॉमने जर्मेनियावर पाणी सोडलं आणि जर्मन सरकारने ती कंपनी आपल्या नियामकाच्या ताब्यात घेतली. मे महिन्यात रशियाने उलट कारवाई केली: जर्मेनिया आणि तिच्या सगळ्या उपकंपन्यांशी व्यवहार करायला बंदी. सिंगापूरची कंपनी अशी बसल्या जागी जर्मन सरकारच्या छत्राखाली गेली आणि तिला मिळणारा रशियाचा वायू बंद झाला. भारताने कोणावर निर्बंध घातले नव्हते, भारतावर कोणी घातले नव्हते. दिल्ली आणि मॉस्कोचे संबंध उत्तम होते, तेलाची जहाजं येतच होती. तरीही आपला वायू थांबला, कारण बर्लिन आणि मॉस्कोच्या भांडणात आपला विक्रेता मधोमध सापडला.

विक्रेत्याने ठरलेली जहाजं पाठवली नाहीत. अशा वेळी खरेदीदार म्हणतो, ‘दंड भरा’. विक्रेत्याने माल दिला नाही तर काय, याचं कलम करारात असतंच. पण असे बहुतेक करार झाले ते वायू मुबलक आणि स्वस्त असण्याच्या काळात. तेव्हा खरेदीदाराला घाई होती किंमत कमी करून घेण्याची, पुरवठा चुकण्याची काळजी फारशी कोणी केली नाही. त्यामुळे दंड कराराच्या किमतीच्या काही टक्के, आणि बाजारात बदली माल घ्यायला गेलं तर त्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट, काही आठवड्यांत त्याहूनही वर. आशियातला स्पॉटचा, म्हणजे कराराबाहेरच्या तातडीच्या खरेदीचा भाव मार्च २०२२ मध्ये एका टप्प्यावर दर एमएमबीटीयूला (वायूतली उष्णता मोजायचं एकक) ८० डॉलरच्या पुढे गेला होता. दोन वर्षांपूर्वी, कोविडच्या काळात, तोच दोन डॉलरच्या आसपास होता.

जर्मन ताब्यातल्या त्या कंपनीकडून पुरवठा पुन्हा रांगेला लागायला २०२३ चा उन्हाळा उजाडला. ‘गेल’ लंडनमध्ये लवादाकडे गेली, दावा १८१ कोटी ७० लाख डॉलरचा. जानेवारी २०२५ मध्ये तडजोड झाली ती २८ कोटी ५० लाखांवर. मी याकडे ‘गेल’चं अपयश म्हणून बघत नाही. जुन्या करारातून यापेक्षा फार जास्त निघणं कठीणच होतं. मुद्दा असा की वीस वर्षांच्या पुरवठ्याची हमी म्हणून आपण जो कागद जपला होता, त्यात मालकी बदलली तर काय, विक्रेत्याच्या मूळ कंपनीवर निर्बंध आले तर काय, याची उत्तरं पुरेशी नव्हती.

मग जो वायू आला नाही त्याचं काय झालं? ‘गेल’ला खत आणि इतर उद्योगांचा पुरवठा कापावा लागला. खत कारखान्याची अडचण समजून घ्यायला हवी. अलिबागजवळच्या थळसारख्या युरिया प्रकल्पात वायू नुसता जाळायला लागत नाही, तो कच्चा माल आहे. रिफॉर्मरमध्ये वाफेबरोबर वायू तोडून हायड्रोजन काढतात, त्यापासून अमोनिया, अमोनियापासून युरिया. भट्टीत वायूऐवजी फर्नेस ऑइल घालता येतं, रिफॉर्मरच्या नळ्यांत घालता येत नाही. वायू कमी झाला की आधी उत्पादन खाली आणायचं, आणि एका मर्यादेखाली गेलं की संयंत्र बंदच करायचं. ते पुन्हा तापवून, दाब धरून स्थिर करायला दिवस जातात. त्यात हे सगळं जूनमध्ये, म्हणजे खरिपाच्या तोंडावर.

शेतकऱ्याला युरियाची गोणी ठरलेल्या भावातच मिळाली, कारण फरक सरकार भरतं. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात खत अनुदानासाठी १.०५ लाख कोटी रुपये धरले होते, प्रत्यक्षात सुमारे २.५१ लाख कोटी गेले. सगळी वाढ वायूमुळे झाली असं म्हणणं बरोबर नाही. आयात युरिया महागला होता, फॉस्फेट आणि पोटॅशही महागले होते, पण त्यांच्याही मुळाशी तेच युद्ध होतं. पंपावर न दिसलेलं संकट या रकमेत आहे. ऊर्जा सुरक्षेचा हिशोब करताना मी म्हणूनच किती पिंपं आली हे विचारून थांबत नाही, आलेल्या मालाचा भार शेवटी कोणी उचलला हेही विचारतो.

मुंबईकरांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. १ एप्रिल २०२२ पासून राज्य सरकारने वायूवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला आणि सीएनजी किलोला ६० रुपयांवर आली. ऑगस्टच्या सुरुवातीला तीच ८६ रुपये झाली होती. चार महिन्यांत. रिक्षा-टॅक्सी संघटनांनी भाडेवाढ मागितली ती या काळात. यातला बराचसा वायू आपल्याच समुद्रातून, मुंबई हायच्या परिसरातून येतो. मग युक्रेनच्या युद्धाने तो का महागला? कारण देशी वायूचा सरकारी दर ठरवण्याचं सूत्र तेव्हा अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि रशिया इथल्या दरांवर बेतलेलं होतं. तो दर मार्चअखेर २.९० डॉलर होता, एप्रिलमध्ये ६.१० झाला, ऑक्टोबरमध्ये ८.५७. शिवाय शहरांची मागणी देशी वायूत भागेना, म्हणून वर महागडा एलएनजी मिसळावा लागला. विहीर आपल्या दारात असूनही दर परक्या बाजाराने ठरवला. नंतर किरीट पारीख समितीच्या शिफारशीवरून एप्रिल २०२३ मध्ये सूत्र बदललं: भारताच्या कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या १० टक्के, खाली ४ आणि वर सुरुवातीला ६.५ डॉलरची मर्यादा. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. एकही नवी विहीर न खणता, निव्वळ सूत्र सुधारून धोक्याची धार बोथट केली. उत्पादक कंपन्यांची तक्रार आहे की वरच्या मर्यादेमुळे नव्या शोधाला उत्साह उरत नाही. ती तक्रार खोटी नाही, पण सामान्य ग्राहकाला यातून मिळालेलं स्थैर्य मी जास्त मोलाचं मानतो.

शेजारी पाहिलं तर आपण किती थोडक्यात निभावलो ते कळतं. रशियाचा पाइपलाइनचा वायू तुटल्यावर युरोपने जगभरातला एलएनजी मिळेल त्या भावाने उचलला. पाकिस्तानने जुलै २०२२ मध्ये दहा जहाजांसाठी निविदा काढली, एकही बोली आली नाही. बांगलादेशाने त्याच महिन्यात स्पॉट खरेदी थांबवली आणि भारनियमन सुरू केलं. या दोन्ही देशांचं युद्धाशी काही देणं-घेणं नव्हतं. आपली एलएनजी आयातही त्या वर्षी साधारण १५ ते १७ टक्क्यांनी घटली. श्रीमंत गिऱ्हाईक बाजारात घुसलं की गरीब गिऱ्हाइकाच्या वाट्याचा माल जातो, आणि त्यासाठी कोणी कोणाशी वैर धरावं लागत नाही.

गुजरातमधल्या मोरबीच्या टाइल्स कारखान्यांचं वर्तन यात लक्षात ठेवण्यासारखं आहे. वायू परवडेना तेव्हा त्यांनी भट्ट्या प्रोपेनवर नेल्या. उद्योजक म्हणून अगदी शहाणपणाचा निर्णय. पण प्रोपेन येतो मुख्यतः आखातातून, त्याच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून. एका धोक्यातून सुटताना दुसऱ्याच्या तोंडी गेलो, हे देशाच्या पातळीवर कोणीतरी मोजायला हवं.

होर्मुझचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकाच्या गॅसबद्दल बोलतो, कारण माझ्या मते आपली सगळ्यांत नाजूक जागा ती आहे. चर्चा नेहमी कच्च्या तेलाची होते. त्याची आयात ८५ टक्क्यांच्या वर आहे हे खरं, पण ते रशिया, इराक, सौदी, अमिराती, अमेरिका, पश्चिम आफ्रिका अशा अनेक ठिकाणांहून येतं. शिवाय सौदीची लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत आणि अमिरातीची फुजैरापर्यंत पाइपलाइन आहे, म्हणजे होर्मुझ टाळून थोडंफार तेल निघू शकतं. एलपीजीचं गणित वेगळं. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ३ कोटी १० लाख टन एलपीजी लागला. त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो आणि या आयातीचा ९० टक्क्यांहून मोठा हिस्सा कतार, अमिराती, कुवेत आणि सौदी अरबस्तानचा राहिला आहे. त्याला वळसा घालणारी वाट जवळपास नाही. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून दहा कोटींहून जास्त घरांत सिलेंडर पोचवला. चुलीच्या धुरातून बायकांची सुटका झाली, हे काम फार मोठं आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण त्याच प्रमाणात साठवण वाढली नाही. विशाखापट्टणमची ६० हजार टनांची आणि मंगळुरूची ८० हजार टनांची भूमिगत गुहा धरली, बॉटलिंग प्लांट आणि बंदरांवरच्या टाक्या धरल्या, तरी हिशोब दिवसांत आणि आठवड्यांतच करावा लागतो, महिन्यांत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अमेरिकेकडून २०२६ साठी २२ लाख टन एलपीजीचा करार केला, आयातीच्या साधारण दहा टक्के. जहाजाला तिकडून इकडे यायला महिन्याच्या वर लागतो, भाडंही जास्त. तरी हा पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. वेगळ्या वाटेने येणाऱ्या मालासाठी चार पैसे जास्त मोजणं हाच विम्याचा हप्ता असतो.

एलएनजीचंही तेच. एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीचा कतारबरोबरचा वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यातल्या इंडिया एनर्जी वीकमध्ये २०४८ पर्यंत वाढवला गेला. दर चांगला मिळाला, कतारने आपल्याशी व्यवहारही सचोटीचा ठेवला आहे. २०१५ च्या अखेरीस बाजारभाव कोसळले तेव्हा त्यांनी करारातली किंमत निम्म्याच्या आसपास आणून दिली होती. पण विक्रेता भरवशाचा असला तरी त्याचं प्रत्येक जहाज होर्मुझमधूनच निघतं.

सामुद्रधुनी बंद व्हायलाच हवी असंही नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराणच्या बारा दिवसांच्या युद्धात ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा जागतिक भाव, ८० डॉलरला शिवून ७० च्या खाली परत आला. टीव्हीवर ‘संकट टळलं’ झालं, पण दरम्यान टँकरची भाडी भडकली होती आणि युद्धजोखमीच्या विम्याचे दर वाढले होते. असे दर जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत, प्रत्येक फेरीला आणि काही दिवसांच्याच मुदतीने मिळतात. दहा कोटी डॉलरच्या जहाजावर अर्धा टक्का वाढला की एका फेरीला पाच लाख डॉलर जास्त, क्षेपणास्त्र पडो वा न पडो. डिसेंबर २०२३ मध्ये ‘केम प्लुटो’ हे सौदीहून मंगळुरूला निघालेलं रसायनवाहू जहाज गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोनच्या हल्ल्यात सापडलं आणि तटरक्षक दलाच्या सोबतीने मुंबईत आणावं लागलं. तेव्हापासून विमा कंपन्या अरबी समुद्राकडेही वेगळ्या नजरेने बघतात.

पैसे आणि संगणक हेही पुरवठ्याचे मार्गच आहेत. मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणच्या तेलावरची सवलत काढून घेतली आणि आपण ती खरेदी शून्यावर आणली. इराणकडे तेल होतं, जहाजं होती, साठ दिवसांची उधारी होती. पैसे पोचवायचा मार्ग मात्र डॉलरच्या व्यवस्थेतून जात होता. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने गुजरातमधल्या वाडीनारच्या नायरा रिफायनरीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रोझनेफ्ट या रशियाच्या तेल कंपनीचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेल आणि इतर सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाल्या. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्याला धक्का लागला तो सॉफ्टवेअरच्या परवान्यातून. रिफायनरीच्या जोखमीच्या तक्त्यात असा रकाना किती जणांनी ठेवला होता?

कोळशाचं एक उदाहरण देतो, कारण त्यात महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. गुजरातमधल्या मुंद्र्याचा टाटांचा वीज प्रकल्प सुमारे २ रुपये २६ पैसे युनिट अशा दराने बोली जिंकून उभा राहिला. पाच राज्यं वीज घेणार, त्यात महाराष्ट्रही. कोळसा इंडोनेशियाचा, स्वस्त. २०१० मध्ये इंडोनेशियाने नियम केला की निर्यात आंतरराष्ट्रीय दरानेच व्हायला हवी, जुने करारसुद्धा त्यात आले. कंपन्यांनी दरवाढ मागितली. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलणं ही दैवी आपत्ती नव्हे, करारातला ‘कायद्यातील बदल’ही नव्हे. कायद्याच्या दृष्टीने निकाल पटणारा आहे. पण तोट्यात वीज कोण बनवेल? संच बंद ठेवण्याचे प्रसंग आले, आणि मे २०२२ च्या टंचाईत केंद्राला विद्युत कायद्याचं कलम ११ वापरून आयात कोळशावरचे प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायला लावावे लागले. जकार्तात निघालेला एक शासकीय आदेश इथल्या वितरण कंपन्यांच्या दरात उतरला तो असा.

सौरऊर्जेने हे सगळं सुटेल का, असं हमखास विचारलं जातं. बरंच सुटेल, आणि मी त्याच्या बाजूने आहे. चीनवरचं अवलंबन वाढेल हा आक्षेपही खरा आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि पुण्यात बजाजला इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन ठप्प होण्याचा इशारा द्यावा लागला. पण दोन धोक्यांची जात वेगळी आहे. चुंबक थांबले तर नवी स्कूटर बनत नाही, रस्त्यावरची चालत राहते. वायू थांबला तर आज चालू असलेला कारखाना आज थांबतो.

आता काय करावं, याबद्दल माझं मत. करार करताना विक्रेत्याची मालकी बदलली तर बाहेर पडण्याचा किंवा नव्या मालकाची हमी मागण्याचा हक्क हवा, आणि माल न दिल्यास भरपाई बदली मालाच्या बाजारभावावर हवी. विक्रेता त्यासाठी किंमत वाढवून मागेल, ती थोडी द्यावी. दुसरी गोष्ट साठ्याची. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे ५३.३ लाख टनांच्या गुहा आहेत, साधारण साडेनऊ दिवसांची गरज. एप्रिल-मे २०२० मध्ये त्या १९ डॉलरच्या भावाने भरल्या आणि सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचले. नैसर्गिक वायूसाठी असा धोरणात्मक साठा मोठ्या प्रमाणावर उभाच राहिला नाही. दाभोळचं टर्मिनल तर लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागत होतं.

युरोपने २०२२ चा हिवाळा काढला तो उपसून रिकाम्या झालेल्या वायूक्षेत्रांत भरून ठेवलेल्या वायूवर. आपल्याकडे दहेज आणि हजिऱ्याच्या आसपास टर्मिनल आहेत, पाइपलाइनचं जाळं आहे, जुनी क्षेत्रं आहेत. सुरुवात तिथूनच सोपी जाईल. अडतं ते खर्चावर. भरून ठेवलेला वायू म्हणजे अडकलेलं भांडवल, आणि कोणतीही कंपनी ते स्वतःच्या नफ्यातून अडकवणार नाही. माझी सूचना अशी की हा खर्च पाइपलाइनच्या वाहतूक दरात प्रति युनिट थोडा थोडा वाटावा. म्हणजे शहरातला सीएनजी ग्राहक, खत कारखाना आणि टाइल्सवाला सगळेच तो भरतील, आणि साठा उघडायचा की नाही हा निर्णय व्यापारी कंपनीकडे न राहता सरकारकडे राहील.